एकोणतीस

थ्री-डी नऊ, फोर-एस दोन:
मी तांब्याची मांडणी लिहिली
आणि ओर्तान्स टीचरनी लाल पेनानं
एकच बाण उचलून आत नेला.
"हा राहत नाही गो तिथं."
कारण विचारलं तर, पुढच्या वर्षी.

घरी, डिचोलीत, बाबा घागरीचे पोचे काढत होते.
ठक्. ठक्. कान लावून पुन्हा ठक्.
म्हणाले, तांबं हातात धर,
ऊब लगेच पोचते;
कोणीतरी सुटं असतं आत.

मी सोलानं काठ घासला.
काळं गेलं, लाल वर आलं.
मागे उरलेला तो एकटा बाण नेमका कुठे,
हे विचारायचं नसतं म्हणे,
कुठे असू शकेल एवढंच.

घागरभर, मग.
बाबांच्या कानापर्यंत.