पुनिकची वेळ

पहाटे तीन वाजून चाळीस मिनिटांनी
आदूच्या गोठ्यातलं दूधयंत्र मरतं.
रोज नाही. अकरा रात्रींत सात वेळा.
उरलेल्या चार रात्रींनीच माझा जीव घेतलाय.
रोज मरणारं यंत्र कुणालाही सापडतं,
कधीमधी मरणारं नवस बोलायला लावतं.

मी तार्तूहून आले, मागच्या सीटवर सिरियल केबल,
बाहेर उणे एकोणीस, आत साठ गायींची ऊब,
आणि आदू, जो माझ्याशी बोलण्याआधी
मुस्तिकशी बोलला. काय, ते मला सांगितलं नाही.

पडद्यावर कर्नलचे शेवटचे शब्द.
मरणारी माणसं इतकं नेमकं बोलत नाहीत:
कुठल्या ओळीवर होतो, कुणी बोलावलं,
त्याला कुणी, त्याच्याही आधी कुणी.
हे खालून वर वाचायचं.
सगळ्यात वर पडलेला,
सगळ्यात खाली, ज्याने पहिली हाक मारली तो.
खाली होता एक टायमर.

दुसऱ्या रात्री मी मेमरीत पीठ पसरलं.
म्हणजे असं, की जी जागा कुणी सोडून गेलं
ती तशीच ठेवायची नाही, खुणेनं भरायची,
सिक्स-बी सिक्स-बी सिक्स-बी,
मग तिथे अजून कुणी राहतंय असं समजून
जो पाऊल टाकेल, तो पावलासकट सापडतो.

तीन एकोणचाळीस. आदूने थर्मासच्या झाकणात
कॉफी ओतून माझ्यापुढे सरकवली.
तीन चाळीस.
यंत्राचा हात अर्ध्यात थांबला,
मुस्तिक आत, तिचं शेपूट दाराबाहेर,
आणि पडद्यावर सिक्स-बी सिक्स-बी सिक्स-बी.
मी ओरडले. गायी उठल्या.
आदूला वाटलं मला शॉक बसला.

"चौदा नंबर कोण?"

तो खिळ्याकडे बघत राहिला.
खिळ्याला गळ्यातला पट्टा, पट्ट्याला चिप.
"पुनिक. विकली. बारा दिवस झाले. व्होरूकडे कुठेतरी."

तर, रिसीव्हरला खिळ्यावरून पुनिक दिसायची,
ड्रायव्हर तिच्या नावानं जागा मांडायचा, टायमर लावायचा.
रात्रभर ती यायची नाही. मग नाव कापलं जायचं,
जागा परत, सगळं रीतसर.
फक्त टायमर थांबवायचं कुणाला सुचलं नव्हतं.
कधी त्या जागेत दुसरंच कुणी येऊन बसलेलं असे,
चुकून ओ द्यायचं. त्या रात्री यंत्र जगायचं.

"तीन चाळीस," आदू म्हणाला,
"तीच वेळ तिची. सगळ्यांच्या आधी यायची."

एक ओळ लिहिली. जागा सोडण्याआधी टायमर थांबव,
आणि तो खरंच थांबेपर्यंत वाट बघ.
दुसरा अर्धा भाग लोक विसरतात.

"नुसता पट्टा काढला असता तर?"
"यंत्र वाचलं असतं. चूकही वाचली असती."

तिसऱ्या रात्री काही झालं नाही.
काही न होणं सिद्ध कसं करायचं?
म्हणून चौथी, पाचवी. मुस्तिकचा खोकला
मला आता पाठीमागूनही ओळखता येतो.
आदू रोज तीन एकोणचाळीसला उठलेला असतो,
यंत्र त्यासाठीच घेतलं होतं, की उठावं लागू नये.

निघताना म्हटलं, पट्टा राहू दे खिळ्याला,
चाचणीसाठी लागेल.
बरं, म्हणाला तो,
जरा जास्तच पटकन.