चौदा नंबर

काल रात्रीपासून चौदा नंबर
चार टक्के दाखवतोय.
तेरा सव्वीसवर, पंधरा सत्तावीसवर,
मधला हा एकटाच
कुणाशी भांडून बसल्यासारखा कोरडा.

अंबडच्या ऑफिसातून मी
बॅटरी पाहिली, सिग्नल पाहिला,
दोनदा बंद करून चालू केला.
शेवटी स्कूटी काढली.
म्हसरूळ, ढकांबे, दिंडोरी, खेडगाव.
एप्रिलचं ऊन हेल्मेटात शिरून बसलेलं.

खरड छाटणी झालेली बाग.
नुसत्या तारा, नुसती खोडं,
आणि बोदावर माझा पांढरा डबा
अँटेना वर करून उभा,
उत्तर येत नसताना हात वर करणाऱ्या पोरासारखा.

मनकाबाई गावित काड्या गोळा करत होत्या.
सुरगाण्याच्या. हंगामाला येतात.
‘हे रातचं बी जागं राहातं?’
दर पंधरा मिनिटांनी आकडा पाठवतं, मी म्हटलं.
‘मंग झोपतं कवा?’

खुरप्यानं उकरलं.
दांड्याच्या कडेनं बोटभर भेग.
काळी माती वाळली, तिनं अंग चोरलं,
आणि स्टीलचे तीन काटे
रात्रभर हवा मोजत राहिले,
अगदी प्रामाणिकपणे.

‘मातीनं धरलंच नाय त्याला,
त्ये काय सांगंल?’
बाईंनी आपल्या बाटलीतलं पाणी ओतलं,
नागलीचं पीठ मळावं तशी माती मळली,
काट्यांभोवती अंगठ्यानं दाबत गेल्या.
मोबाइलवर: एकोणचाळीस.
अर्थात. हे त्यांच्या बाटलीतलं पाणी.

मग वीतभर खालची माती घेऊन
मुठीत लाडू वळला, कमरेएवढ्या उंचीवरून सोडला.
तीन तुकडे.
‘वाफसा हाये. उद्या पाणी नको.’

त्या एका चारच्या भरवशावर
ॲपनं रात्रीच्या लाइटीवर
दोन तास पाणी लावून ठेवलं होतं.
ते रद्द केलं.

आमच्याकडे टक्के आहेत, किलोपास्कल आहेत,
वाफसा नाही.
मागच्या वर्षी मी सुचवलं होतं, एक रकाना द्या.
पुण्याहून उत्तर आलं: एकक काय?

नमुना आणला, भट्टीत ठेवला. एकशे पाच अंश, चोवीस तास.
शंभर ग्रॅम आत गेले, ऐंशी बाहेर येतील.
वीस ग्रॅम या खोलीच्या हवेत
कुणाला न विचारता मिसळतील.

नोंदीत लिहिलं,
बिघाड: संपर्क सुटला.
दुरुस्ती: हाताने.
कुणाच्या, ते लिहायला जागा नव्हती.

रात्री सव्वादोनला मोबाइल पाहिला.
चौदा नंबर: एकतीस. उतरतोय हळूहळू.
अडीचला: एकतीस.
पावणेतीनला तीस.
नखातली माती अजून निघाली नव्हती,
काळी, आणि थोडी
ओलसर. म्हणजे मला तरी तशी वाटली.