आठशे मीटर

प्रतापनगरला, रेल्वेच्या दवाखान्यातल्या मागच्या खोलीत
फाल्गुनीबेन टेबलावर घड्याळ पालथं ठेवतात.
वीस मिनिटं. पेन उचलायचं नाही.
ऱ्हस्वदीर्घ गेलं खड्ड्यात, असं त्या गुजरातीत म्हणतात,
आणि चोपन्नाव्या वर्षी
मला चाचणीला बसवल्यासारखा घाम फुटतो.

लिहिता येतं मला. सव्वीस वर्षं लिहितोय.
वेळ पाच बावन्न. वेग शहाण्णव. दृश्यता ठीक.
किलोमीटर तीनशे सत्त्याऐंशीच्या पुढे
एक इसम रुळात आला.
हॉर्न दिला. इमर्जन्सी ब्रेक लावला.
गाडी आठशे मीटरवर थांबली.
सहायक डी. के. परमार. खाली माझी सही.
त्या कागदाच्या तीन प्रती निघाल्या.
कार्बन माझ्याकडेच राहिला.

पहिल्या आठवड्यात वहीत हेच उतरलं, मुद्देसूद.
बेन म्हणाल्या, हे साहेबांना लिहिलंत.
आता कुणालाच लिहू नका.

मग चपला आल्या.
मी पाहिल्या नव्हत्या, परमार मागे चालत जाऊन आला होता
आणि बाकी काहीच न सांगता
फक्त चपलांबद्दल बोलला होता:
खडीवर जोडीनं, टाचा जुळवून,
कुणाच्या घरी जेवायला जाताना काढतो तशा.
चार पानं चपलाच.

मग कुकर आला.
चौदा महिने आमच्याकडे वरण पातेल्यात शिजतंय,
थोडं कच्चट लागतं, वर फेस धरतो.
हेमांगीनं शिट्टी कधी बंद केली
हे मी विचारलं नाही, तिनं सांगितलं नाही.
मला लिहितानाच कळलं. पेन उचलायचं नसतं
म्हणून रडायलाही उठता आलं नाही.

बेनना मराठी येत नाही.
तरी म्हणाल्या, मोठ्यानं वाचा.
मी वाचलं. त्या खिडकीकडे बघत होत्या,
बाहेर कुणाची तरी स्कूटर स्टार्ट होत नव्हती.
दुसऱ्या बुधवारी पुन्हा वाचलं, तिसऱ्या बुधवारी पुन्हा.
शेवटी त्या म्हणाल्या,
शब्द नाही कळले मला, घोरपडेभाई,
पण ‘ब्रेक’च्या नंतर
तिन्ही वेळा तुम्ही एक जागा उडी मारून ओलांडली.
तिथे काय आहे?

तिथे काही नव्हतं. तेच तर होतं.
घड्याळ पालथं होतं. मी लिहिलं:
मी डोळे मिटले.

एवढंसं वाक्य. रिपोर्टात त्याला रकाना नाही.
त्यानं वर पाहिलं असेल तर कुणाकडे पाहिलं?
काचेआड चालक होता की नव्हता?
हे मी चौदा महिने, दांडिया बाजारात भाजी घेताना,
सेव-उसळीच्या गाडीपाशी सुट्टे मोजताना,
रात्री सव्वातीनला पंख्याखाली,
स्वतःला विचारत होतो, आणि विचारतोय हे
माझं मलाच ठाऊक नव्हतं.

बेन म्हणाल्या, समजा परमारनं मिटले असते डोळे.
त्याला चिठ्ठी लिहा.
परमारला लिहिणं सोपं गेलं. पोरगा आहे तो,
बायको बाळंतपणाला नडियादला गेलेली.
लिहिलं, अरे, हात लिव्हरवर होता ना तुझा?
मग झालं. पापण्यांची ड्युटी कुठे लावतात रे?
ही चिठ्ठी मी टाकली नाही.
घडी करून शर्टाच्या खिशात ठेवली
आणि ती माझ्याच नावाची निघाली, असंही नाही.
अजून वाचतो तेव्हा पहिली ओळ परमारलाच जाते.

लोकांना वाटतं ब्रेक लावला की गाडी थांबते.
नाही थांबत. लावल्यावरच तर
खरी लांबी सुरू होते, चाकं किंचाळत असतात
आणि करण्यासारखं हातात काही उरत नाही.
मी त्या आठशे मीटरमध्येच राहत होतो.
तिथेच जेवलो, तिथेच पुतणीच्या लग्नात अक्षता टाकल्या.

वही भरत आली आहे. कुकर माळ्यावरच आहे.
यार्डात शंटिंगचं काम देतायत, बघू.
पूर्ण थांबलीय असं मी लिहून देणार नाही.
पण काल तेच पान सहाव्यांदा लिहिताना
सवयीनं नजर उजवीकडे, स्पीडोमीटर असतो तिकडे गेली.
काटा चाळिसाच्या खाली होता.