चौदाचे सतरा

आप्पा कऱ्हाडच्या घाटावर नदी मोजायचे.
सकाळी आठला पट्टीवरचा आकडा,
मग एक बाटली पाणी.
बाटल्या ओगलेवाडीच्या, हिरवट, जाड काचेच्या.
गाळ खाली बसला की वरचं ओतून द्यायचं,
तळ वाळवायचा, तोलायचा, वहीत लिहायचं:
लिटरला इतके ग्रॅम. खाली सही, ग. रा. थोरवडे.
कुठून आला, हा रकाना वहीत नव्हता.

तो माझ्या वाट्याला आला.

मच्छलीपट्टणमसमोरचा समुद्रतळ
पिशवीत भरून येतो, नासक्या अंड्याचा वास घेऊन.
आधी मीठ काढायचं. सात पाण्यांनी धुवायचं,
दर पाण्यात सिल्व्हर नायट्रेटचा एक थेंब:
दुधाळलं, तर समुद्र अजून आहे.
मग उंच नळकांड्यात ढवळून वाट बघायची.
वाळू बसते लगेच, बूड टेकायला आलेलीच ती.
चिकणमाती मात्र रात्रभर लोंबकळते,
निघतो निघतो म्हणत उंबऱ्यात उभ्या पाहुण्यासारखी.
मला तीच हवी असते.
काचपट्टीवर तिचा पातळ थर, त्यावर क्ष-किरण.
आकडे उमटतात: सात, दहा, चौदा.

पट्टी रात्रभर ग्लायकॉलच्या वाफेत ठेवायची.
सकाळी चौदाचे सतरा झाले, तर ती फुगली,
म्हणजे स्मेक्टाइट, म्हणजे काळं रान,
जे आमच्याकडे एप्रिलात हात जाईल एवढं फाटतं
आणि आषाढात बैलाचा पाय सोडत नाही.
दहाचं इलाइट ढिम्म.
सातचं केओलिनाइट, जांभ्याच्या पठारांवरचं,
साडेपाचशे अंशांच्या भट्टीत
न सांगता निघून जातं.

रविवारी आलेख घेऊन घरी गेले.
आप्पांनी सतरावरच्या शिखरावर बोट टेकवलं.
"हा आपला?"
असेल. पण गोदावरीकाठचं रानही काळंच.
"मग तुम्हाला कळतं काय?"
आडनाव कळतं, म्हटलं. नाव नाही.
"आडनावावर पोस्टमन यायचा की घरापर्यंत."

दुसरा आलेख दाभोळचा, उलट्या दिशेचा.
तिथं लाल मातीचं राज्य, सात उंच,
पण सतरापाशी एक बारीक टेंगूळ.
आप्पा खुर्चीत पुढे सरकले.
"कोयना. डोंगराच्या पोटातून नेलेली.
हिकडं यायची ती, चाकं फिरवायला तिकडं वळवली."
मी म्हटलं, गाळ सगळा धरणात बसतो.
आणि कोकणचाही खडक बेसाल्टच, तिथलाच असणार.

"सगळा बसतो?"
बराच वेळ ते चष्मा पुसत राहिले.
"एकोणीस वर्षं बाटल्या बसवल्या मी.
वरचं ओतायचो ना, ते कधी नितळ नव्हतं.
वहीत लिहायला जागा नव्हती त्याला."

अहवालात मी लिहिलं:
स्रोत स्थानिक असण्याची शक्यता अधिक.
'अधिक' खोडलं. परत लिहिलं.

माळ्यावर एक बाटली निघाली, बुचाला मेण,
चिठ्ठीवर फक्त ऑगस्ट उरलेला.
रात्री हलवून ओट्यावर ठेवली.
सकाळी आठला पाहिली:
तळ बसला होता,
वर अजून फिक्या चहाचा रंग.