मूल्यमापन, मागितल्याप्रमाणे

ओर्सोला, नोटरीला कागद हवाय म्हणून लिहितो:
तुझ्या वडिलांच्या गोठ्यातल्या दोन गाड्या,
दोन्ही चाळीस वर्षं मीच पाहिलेल्या,
दोन्हींच्या पोटात माझे हात कोपरापर्यंत.

आधी लान्चिया. फुल्विया कूपे, निळी.
इंजिन अरुंद, तिरकं कललेलं,
दाटीत खांदा वळवून वाट काढणाऱ्या माणसासारखं.
चेस्टनटच्या रानातली वर जाणारी अकरा वळणं
ती सहा मिनिटांत घेते.
परवा घड्याळ लावून पाहिलं.
पासष्टाव्या वर्षी असं करू नये.
तिसऱ्या गिअरला ती गुरगुरत नाही, घसा खाकरते,
आणि डोक्यात जे काही घोळत होतं
ते दरीच्या अलीकडेच राहून जातं.
दोष: पुढचा सांगाडा गंजलाय, बोट लावलं की भुगा.
मागची सीट फक्त कोटासाठी.
आणि ती दिसली की
पंपावरचा अतिलिओ उठून उभा राहतो.

मग रेनो चार. रंग, एके काळी, पांढरा.
घोडे चौतीस, त्यांतले काही पेन्शनीत.
गिअरचा दांडा छत्रीच्या मुठीसारखा
डॅशबोर्डातून बाहेर आलेला.
तीच वळणं, बारा मिनिटं,
आणि प्रत्येक वळणावर अशी कलते
जणू शेजारणीच्या कानात काही सांगायचंय.
पण मागचं दार उघडून बघ:
द्राक्षांचे नऊ क्रेट, एक धुलाई यंत्र,
एकदा तर नुकती व्यायलेली बकरी, करडांसकट.
एक गंमत सांगतो. हिच्या चाकांमधलं अंतर
उजवीकडे जास्त आहे, डावीकडे कमी,
चांगलं तीन बोटांनी. कारखान्यातूनच तशी.
तरी आयुष्यभर नाकासमोर चालली.

माणसांचं उलटं असतं.

तर, रोजच्या कामाला रेनो, वादच नाही.
विकून पैसे करायचे तर लान्चिया.
सही. शिक्का.

हे मागच्या पानावर, नोटरीसाठी नाही.
लान्चिया कधी ताडपत्रीबाहेर आली नाही, सारं गाव म्हणतं.
रविवारी पुसायची, चालवायची नाही.
तुझी आईही तेच म्हणायची.
मग क्लचच्या पेडलवरचं रबर
गुळगुळीत कुणी केलं?
ब्याण्णव हजार किलोमीटर कुठे गेले?
टायर मी बदलायचो, रात्री, शटर ओढून,
आणि वहीत लिहायचो: रेनो.
कधी विचारलं नाही.
एकदाच, नट आवळताना, तोच म्हणाला:
खिंडीच्या टोकावरून पलीकडे फ्रान्समधले दिवे दिसतात.
तेवढे बघतो,
धारा काढायच्या वेळेला घरी.

तुझ्या भावाला रेनो हवी. बरोबर आहे, बकऱ्या त्याच्याकडे आहेत.
ही दुसरी चावी.
चोक अर्धाच ओढ.
सांगाड्याचं मी बघतो, दोन दिवस दे.
खिंड ऑक्टोबरअखेर बंद होते.
आज सतरा.