रीडिंग अस्पष्ट

डबी साबणाच्या वडीएवढी, रंग चांदीचा.
लोमटे साहेबांनी सही घेऊन हातात दिली. म्हणाले,
वहीत आकडे खरडायचे दिवस गेले आता,
दाबलं की झालं.

दाबलं.
झालं नाही.
आधी ती विचार करते.
नळी बाहेर काढते, आत घेते, पुन्हा बाहेर,
घशात खडा अडकलेल्या कोंबडीसारखी,
अन् माझा हात खाली आल्यावर
चिक करते.
पहिल्या दिवशी सेलूच्या मोंढ्यात एकोणचाळीस मीटर होते.
त्यातले अकरा फोटो माझ्या चपलांचे.

फ्लॅश मारला तर काचेवर पांढरा डाग,
नेमका शेवटच्या दोन आकड्यांवर.
नाही मारला तर आकडे हलतात,
सहाचा आठ होतो, आठाचा शून्य.
गिरणीवाल्या भुजंग डखांना आठाचं बिल गेलं.
ते ऑफिसात येऊन म्हणाले, तुमच्या डबीला चष्मा लावा,
पैसे मी देतो, तेवढंच स्वस्त पडंल.

सेल चाळिसाव्या मीटरला मरतात.
नवे घातले की तिला मागचं काही आठवत नाही.
कोपऱ्यात पिवळ्या अक्षरांत लिहिते
एक जानेवारी दोन हजार तीन.
मे महिना, ऊन बेचाळीसच्या वर,
डबी घामानं हातातून निसटायली,
अन् एक जानेवारी.
डख म्हणाले, त्या दिवशी तर तू नोकरीलाच नव्हतास.
खरं होतं ते.

रविवारी घरी आणली.
आम्रपाली लेझीमच्या कपड्यांत, कमरेला ओढणी खोचून,
म्हणाली, पप्पा, पाय वर असताना काढा.
पाय वर. दाबलं.
पाय खाली, डोळे मिटलेले.
दुसऱ्यात डोळे उघडे, पण लाल, मांजरीसारखे.
तिसऱ्याला सेल संपले.
तुम्हाला फक्त मीटरचाच काढता येतो, ती म्हणाली.
तोही येत नाही, हे मी काही बोललो नाही.

भारनियमन संपून लाईट आली की
ऑफिसात बसायचं, अस्पष्ट तेवढे वेगळे करायचे.
एकदा असंच बसलो असताना दिसलं,
काच आकडा दाखवतच नव्हती,
माझ्या मागचं दाखवत होती.
दोरीवरचा टॉवेल. अर्धं बाजलं.
विळीवर कांदा तसाच धरून बघणारी एक बाई.
बोटभर शेंबडाचं, उघडंनागडं लेकरू, माझ्याकडं तोंड वासून.
सात वर्षं ह्या गावच्या घरांत शिरतोय मी.
मीटर दाराच्या वर असतो.
मान वर करायची, अन् पुढचं घर.

चारशे बारा नंबर, हलीमाबी, मशिदीमागचा बोळ.
आकड्यांच्या जागी तिचा हात,
हातात पितळी गिलास, काठोकाठ.
मी पाणी प्यालो होतो का?
बहुतेक घाई आहे म्हणालो असेन.

साहेब मागून म्हणाले, पुसून टाक, कार्डात जागा नाही,
चारशे बाराला सरासरी लाव.
पुसायचं का, डबीनं विचारलं.
हो म्हणलं.
एवढ्या पटकन तिनं आजवर काहीच केलेलं नव्हतं.

पुढच्या महिन्यात त्या बोळात
दाबलं, अन् तसाच मागं वळलो.
हलीमाबी दचकली.
काय झालं बाबा, बिल वाढलं का?
म्हणलं, नाही, पाणी पाहिजे होतं थोडं.
ती आत गेली. माठावरचं झाकण वाजलं.
तेवढ्यात लाईट गेली,
मीटरातली चकती फिरता फिरता थांबली,
अन् खाली सोडलेल्या माझ्या हातात
डबीनं तेव्हा कुठं
चिक केलं.