रुमालाखाली

शाहूपुरीत, गुळाच्या पेठेत, रायगोंडा दिवाणजींनी
मला सौद्याचा हात धरायला शिकवलं.
खांद्यावरचा रुमाल दोन्ही पंजांवर टाकायचा;
आत बोटं बोटांना भाव सांगतात,
बाहेर तोंड हवापाण्याचं बोलतं.
चार बोटं म्हणजे चारशे की चार हजार,
ते आधीच ठरलेलं.

मी म्हटलं, दिवाणजी, मीपण हेच लिहिते.
आत सर्व्हर, बाहेर अ‍ॅप,
मधे रुमाल.
"रुमालात घाम असतोय," ते म्हणाले.

आठ दिवस मी पेढीवर होते,
लॅपटॉप तराजूशेजारी, कळांवर गुळाचा चिकटा,
मुंगळ्यांची रांग थेट यूएसबीच्या भोकाकडे.
आधी जोडणी उघडायची. मग चौकशी पाठवायची,
पण नाव, रवे, वजन तिच्यात कालवायचं नाही;
तिथं प्रश्नचिन्हं ठेवायची, माल मागून वेगळा द्यायचा.
"का?"
कारण नावाच्या जागी कुणी हुकूम लिहिला
तर सर्व्हर भोळा आहे, पाळेल.
"आमच्यातबी होता एक तसला."
नाव सांगितलं नाही.

उत्तर आलं तरी ढीग एकदम उचलायचा नाही.
कर्सर हमालासारखा,
एका खेपेला एक रवा.

गुरुवारी लाइट गेली. गल्ल्याखालचा सर्व्हर बसला.
पैसे एका खात्यातून निघालेले,
दुसऱ्यात पोचलेले नाहीत.
लाइट आली तेव्हा ते पहिल्यातच होते,
कुठं गेलेच नसल्यासारखे.
"सौदा मोडला?"
मोडला नाही. झालाच नव्हता.
हे त्यांना लगेच कळलं.

एका रकान्यावरनं मात्र भांडलो.
मी शून्य घालत होते. "पूस ते.
शून्य म्हंजे तोललं, काय न्हाई निघालं.
रिकामं म्हंजे अजून तोललंच न्हाई.
दोन्ही एक केलंस, पोरी, तर मी चोर ठरतोय."
पाच वर्षं मी नुसतं नल नल करत आले होते.
त्या रात्री सत्तावीस ठिकाणी कोड बदलला.

शेवटी विचारलं, खोडलेलं कुठं दिसतंय?
दिसत नाही. ओळ जाते.
त्यांनी जुनी वही काढली:
लाल शाईची आडवी रेघ, तिच्याखाली स्वच्छ
आक्काताई नेर्ले, बारा रवे.
काही बोलले नाहीत.
मी एक रकाना वाढवला.

मग जोडणी बंद केली. त्यांनी शटर ओढलं,
अर्ध्यावर सोडलं, रुमाल माझ्या हातावर टाकला
आणि आत तीन बोटं धरली.

तीनशे की तीन हजार,
आमचं काहीच ठरलं नव्हतं.